पाऊण मीटर

बावीस वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले :
"दूसरे को उलटो, फिर गुणा करो."
मल्हारगंजची शाळा, सातवी ब.
वर्ग हिंदी, डोकं मराठी.
इथे ज्याला भिन्न म्हणतात, म्हणजे वेगळं,
त्याला माझ्या घरी अपूर्णांक म्हणायचे,
काहीतरी राहून गेलेलं.

का उलटायचं, हे कुणी विचारलं नाही.
मीही नव्हतं विचारलं आमच्या चौबळ सरांना.
त्यांच्या हातात पट्टी असे
आणि नियम पट्टीइतकाच सरळ.

परवा लिहिलं : सहा भागिले पाऊण.
खालचा चार वर गेला, वरचा तीन खाली,
सहा चोक चोवीस, तीनने छाटले, आले आठ.
फरहीनने बोट वर केलं.
"मैडम, बाँटा तो बढ़ कैसे गया?"

वर्ग हसला.
मी खडू बोटांत फिरवत राहिले
आणि म्हटलं, नियम आहे.
तिने हात खाली घेतला.
नजर नाही घेतली.

रात्री जेवणं झाल्यावर
रद्दीतल्या पेपरच्या सहा पट्ट्या कापल्या,
एकेक पट्टी एकेक मीटर समजून.
प्रत्येकीतून पाऊण काढला, पाव उरला.
तीन पाव चिकटवले, एक पाऊण झाला.
पुन्हा तीन, आणखी एक.
सहा आणि दोन.
नवरा म्हणाला, मुलं पुण्याला गेली
आणि तू आता कागद कापत बसतेस.
मी त्याला आठ तुकडे मोजून दाखवले.
तो म्हणाला, बरं. दिवा बंद कर.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्या मिरवत वर्गात गेले.
फरहीन बघत राहिली, मग तोंडावर ओढणी धरून हसली.
तिचे वडील सीतलामाता बाजारामागे ब्लाउज शिवतात.
"टुकड़े जोड़कर कौन पहनेगा, मैडम?
कपड़ा तो पूरा आता है."

उठली. दप्तरातून मापाची टेप काढली
(दप्तरात टेप का होती, मी विचारलं नाही)
आणि मागच्या भिंतीला खडूने खुणा करत निघाली.
पाऊण. दीड. सव्वादोन. तीन.
खिडकी आली, खिडकीवरून गेली.
पावणेचार. साडेचार. सव्वापाच.
सहाशी थांबली. मागे वळून म्हणाली, आठ.

आणि मला एकदम बाबांचा आवाज आला.
कापडबाजारात रोकड लिहायचे.
हातपाय धुऊन ओट्यावर बसले की पाऊणकी म्हणायचे,
आम्हाला शिकवायला नव्हे, थकवा उतरायला :
चार पाऊण तीन… आठ पाऊण सहा…
माझ्या कानात ती चाळीस वर्षं पडून होती,
उलटी वाचायची कधी सुचलंच नाही.

आपण म्हणतोच ना, भाग जातो.
जातो म्हणजे चालत जातो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पाऊल आखूड, तर पावलं जास्त.
यात वाढलं काय? कापड तेवढंच होतं.

मग मीच शहाणपणा केला, म्हटलं,
एका मीटरमध्ये ब्लाउज किती?
मागच्या बाकावरून लोकेंद्र म्हणाला, एक… आणि थोडं.
थोडं म्हणजे किती?
बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.
"एक तिहाई," फरहीन म्हणाली.
फळ्यावर उलटलेला तो चार-तृतीयांश
पहिल्यांदाच मला कुणीतरी वाटला.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला, फक्त आकडे वेगळे.
तिने एक आडवी रेघ मारली, तिच्यावर खुणा केल्या,
शेवटी उत्तर लिहिलं. बरोबर.
वरून आलेल्या कागदावर गुणांची वाटणी ठरलेली :
उलटण्याचा एक, गुणाकाराचा एक, उत्तराचा एक.
म्हणजे तिच्या वाट्याला
एक तृतीयांश.

लाल पेन उघडं ठेवून मी बसले.
निब वाळत आलं.
मग मी गुण दिले.
किती, ते शाळेत सांगू नका.